मृगाआधीचे फळ, मृगानंतरची बी

मे महिन्याच्या मध्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन पाहावे. पानांच्या द्रोणांत करवंदे, चुन्ने आणि जगमे ही रानफळे, टोपल्यांत लालभडक भिरंडे म्हणजे कोकमाची फळे, पहिलीवहिली जांभळे, उतरणीला लागलेला मानकुराद आंबा आणि त्याच्या मागून येणारा हिलारियो, रस्त्याच्या कडेला कापून ठेवलेला फणस. या काळात गोव्यातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचे, गवत वाळून कधीच भुसभुशीत झालेले असते आणि हवेत घुसमट भरून राहिलेली असते. महिनोन्‌महिने नीट पाऊस न झालेल्या जमिनीतून एवढा रस नेमका आताच का वर यावा, हा प्रश्न मला फार जुना आहे. फळाकडे खाणाऱ्याच्या नजरेने पाहत राहिलो तर त्याचे उत्तर सापडत नाही. झाडाच्या दृष्टीने फळ हा प्रवासाचा खर्च आहे आणि प्रवासाला निघाली आहे ती बी. तिला कुठे पोचायचे आहे यापेक्षा कधी पोचायचे आहे, हा आपल्याकडच्या हवामानात जास्त बिकट प्रश्न आहे.

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सत्तरी-सांग्याकडच्या सह्याद्रीच्या उतारांवर तो आणखी वाढतो. पण हे सगळे पाणी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते आणि नंतर आकाश जवळजवळ बंद होते. हिशेब बीच्या बाजूने मांडून पाहिला की त्यातली कठोरता ध्यानात येते. मृगात रुजलेल्या रोपाला मूळ खाली घालण्यासाठी पुरे चार महिने मिळतात, श्रावणात रुजलेल्याला जेमतेम दोन. पुढचे सात-आठ महिने त्या रोपाला आपल्या मुळाच्या लांबीवर काढायचे असतात, आणि आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत वरचा हातभर थर डिसेंबर सरता सरता कोरडा पडलेला असतो. म्हणून पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीवर असणे याला काही बियांच्या आयुष्यात फार मोठी किंमत आहे.

या बियांचा एक मोठा गट असा आहे की त्यांना वाट पाहताच येत नाही. जांभूळ, आंबा, फणस, भिरंड या सगळ्यांच्या बिया ओल्याच झाडावरून उतरतात आणि त्यांना वाळणे सोसत नाही. भाताचे बियाणे आपण कणगीत भरून ठेवतो, ते पुढच्या वर्षी उगवते. जांभळाची बी तशी ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण जवळजवळ संपते. आत ओलावा भरपूर असतो, गर्भ जागाच असतो आणि थांबण्यासाठी लागणारी कसलीही तजवीज तिच्यात केलेली नसते. अशी बी फेब्रुवारीत पडली तर मरेल आणि सप्टेंबरात पडली तर रुजूनही उन्हाळा काढू शकणार नाही. तिच्यासाठी वर्षात एकच दार उघडते. ते मे महिन्याच्या शेवटी किलकिले होते आणि जुलैत मिटू लागते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्याही जुन्या जांभळाखाली थोडा वेळ बसून पाहण्यासारखे असते. पावसाने फळांचा गर धुऊन नेलेला असतो, खडी जांभळटलेली असते आणि पाचोळ्याच्या पहिल्या थरात बियाच बिया विखुरलेल्या असतात. एखादी उचलून हातात घ्यावी. वरचे कागदासारखे पातळ आवरण फाटलेले असते, आतल्या दोन जाड पाकळ्या हिरवट-जांभळ्या दिसतात आणि त्यांच्या फटीतून पांढरे, दोऱ्याएवढे मूळ बाहेर येऊन वाकलेले असते. पुष्कळदा एकाच बीतून दोन-तीन अंकुर निघतात, कारण जांभळाच्या एका बीत एकाहून अधिक गर्भ असू शकतात. ते अंकुर अगदी एकमेकांना चिकटून वाढतात आणि त्यांतला बहुधा एकच पुढे टिकतो. झाडाखालच्या या शेकडो रोपांतले एखादे जरी झाड झाले तरी नवल, कारण तिथे आईची सावली दाट असते. खरी आशा असते ती बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळांनी दूर नेऊन टाकलेल्या बियांवर. परंतु दूर गेलेली असो वा जवळ पडलेली, प्रत्येक बीला पहिल्या आठवड्यातच ओल मिळाली पाहिजे, ही अट दोघींनाही सारखीच लागू आहे.

आता यातली खरी अडचण अशी की झाडाला पाऊस कधी येणार हे ठाऊक नसते. भिरंडाला मोहर येतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आंब्याला थंडीच्या सुरुवातीपासून, जांभळाला मार्च-एप्रिलमध्ये. फूल धरल्यावर फळ पिकायला किती दिवस लागतात हे त्या त्या जातीचे बऱ्यापैकी ठरलेले असते. आंब्याला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात जे पिकते त्याचा मुहूर्त हिवाळ्यात लागलेला असतो, आणि तो मुहूर्त काढताना झाडापाशी असतो तो सरलेल्या पावसाचा अनुभव. जमिनीतली ओल कधी आटली, रात्री कधीपासून गार झाल्या, दिवस किती लहान झाला, एवढ्याच खुणा त्याला मिळतात. दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळला तर आंब्याला मोहराऐवजी नवी पालवी फुटते आणि सगळा हंगाम पुढे सरकतो, हे गोव्यातल्या कुठल्याही बागाइतदाराला सांगावे लागत नाही. माझ्या मते ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने कोणी बोलत नाही. येत्या पावसाच्या तोंडावर पिकणारे फळ प्रत्यक्षात गेल्या पावसाच्या शेपटाला बांधलेले असते. या दोन टोकांमधले अंतर हजारो वर्षांच्या सवयीने ठरत आले आहे, आणि ते अंतर कायम राहील या एका भरवशावर अख्खे रान चाललेले आहे.

तो भरवसा किती ताणला जाऊ शकतो हे अलीकडच्या दोन वर्षांतच दिसले. 2023 साली अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होते आणि मोसमी पाऊस गोव्यात पोचायला 11 जून उजाडला. 2025 साली तोच पाऊस 25 मे रोजी दाखल झाला, आणि त्याच्या आधीच काही दिवस जोरदार सरींनी झोडपायला सुरुवात केली होती. दोन्ही वर्षांत जांभळाच्या झाडाने आपले काम आपल्या गतीनेच केले असणार, कारण त्याला फळ लवकर पिकवण्याची किंवा रोखून धरण्याची फारशी मुभाच नाही. पाऊस उशिरा आला की लवकर पिकलेल्या बिया तापलेल्या मातीवर पडून वाळतात. पाऊस लवकर आला की अर्धवट पिकलेली फळे झोडपून खाली येतात, त्यांतल्या बिया पूर्ण भरलेल्या नसतात आणि पाखरेही भिजलेल्या फळाला फारशी शिवत नाहीत. यापेक्षाही घातक असते ती फसवी सुरुवात. 2025 मध्ये मेअखेर पाऊस आला खरा, पण त्यानंतर मोसमी वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. पहिल्या सरींवर विसंबून मूळ बाहेर काढलेल्या बीला अशा उघडिपीत माघार घेता येत नाही. आजी वळवाच्या पावसावर पेरायचे नाही, मृग नीट लागल्याशिवाय हात लावायचा नाही, असे भाताच्या बाबतीत बजावत असे. जांभळाच्या बीला हे सांगणारे कोणी नसते.

पण रानातली सगळीच झाडे एवढ्या घाईची नाहीत, आणि त्यामुळेच एखाद्या वर्षी पाऊस चुकला तरी रान एकदम उघडे पडत नाही. दुसरा मोठा गट वाऱ्यावर बी सोडणाऱ्यांचा. वाऱ्याला हलके, कोरडे बी लागते आणि त्यासाठी कोरडी हवा लागते, म्हणून ही झाडे पावसापासून लांबचा काळ निवडतात. सावरीची बोंडे एप्रिल-मेमध्ये तडकतात आणि तिचा कापूस बी घेऊन उडतो. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते आणि ती शेंग पावसाच्या थोडी आधी वाऱ्याबरोबर भिरभिरत खाली येते. बहाव्याची रीत आणखी वेगळी आहे: त्याची फुले एप्रिल-मेमध्ये झुंबरासारखी लोंबत असतात तेव्हा त्यांच्या शेजारीच गेल्या वर्षीच्या काळ्या, लांबट शेंगा टांगलेल्या दिसतात, कारण शेंग पिकायलाच त्याला बरेच महिने लागतात. तिच्यातल्या बियांचे कवच इतके टणक असते की एखादा पाऊस फुकट गेला तरी त्यांचे काही बिघडत नाही. जांभळाची बी ज्या अर्थाने उतावळी आहे त्या अर्थाने बहाव्याची बी कमालीची धीराची आहे.

या गटातले माझे सर्वांत जिव्हाळ्याचे झाड म्हणजे माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष, ज्याला महाराष्ट्रात ऐन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल मोलेपासून वाळपईपर्यंतच्या रानात सगळीकडे ओळखू येते. माट्टी पाऊस लागता लागता फुलते. इतर झाडे बी टाकून मोकळी होत असताना हिचे वर्ष सुरू होते. गणेश चतुर्थीपर्यंत फांद्यांना हिरव्या, पाच पंखांच्या फळांचे घोस लागलेले असतात. ती फळे पावसाळाभर, मग थंडीभर झाडावरच राहतात, तपकिरी होतात, वाळून कडक होतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, झाडाची पाने गळून वाट मोकळी झाली की दुपारच्या वाऱ्यावर गिरक्या घेत सुटतात. पाच पंख इंचभर रुंद, पातळ, आडव्या शिरांचे. मध्यभागी कठीण कण्यासारखा भाग आणि त्यात बी. पानांनी भरलेल्या झाडातून ही फळे सुटली असती तर तिथल्या तिथेच अडकली असती; भिजलेली असती तर सरळ खाली पडली असती. पंखांचा उपयोग व्हायचा तर झाड उघडे हवे आणि हवा कोरडी हवी, आणि या दोन्ही गोष्टी गोव्यात एकाच वेळी फक्त उन्हाळ्याच्या पहिल्या भागात जुळतात. त्यानंतर जमिनीवर दोनेक महिने थांबण्याची तयारी त्या बीने ठेवलेली असते.

चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातल्या-परसातल्या फळाफुलांची माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे, फागले, चिबूड यांच्या जोडीला रानातून माट्टीचे घोस येतात, घागऱ्यांच्या शेंगा येतात, लालभडक कवंडळे येतात, नागूलकुडा येतो, आणि हे सगळे बांधायला केवणीच्या सालीचे दोर. माटोळीखाली बसून वर पाहताना मला नेहमी वाटते की भाद्रपदातल्या रानाची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुठल्याही वहीत सापडणार नाही. तिच्याकडे जरा निरखून पाहिले तर रानातल्या किती वनस्पती अर्ध्या वाटेवर आहेत हे कळते. कवंडळ पिकून रंगलेले आहे, त्याची बी निघायच्या बेतात आहे. घागऱ्या मात्र हिरव्याच आहेत. शेंग वाळून आत बिया सुट्या झाल्या की त्या खुळखुळतात, आणि तो आवाज ऐकायला थंडी यावी लागते. केवणीची पिळदार शेंग अजून हिरवी असते, माट्टीचे पंख अजून मऊ असतात. आपण देवापुढे टांगतो त्यांतली पुष्कळशी फळे ही अशी बी पक्व व्हायला काही महिने उरलेली असतात.

म्हणूनच माटोळीसाठी रानात जाणाऱ्यांच्या जुन्या शिस्तीचे मला मोल वाटते. एका झाडाचा एकच घोस काढायचा, फांदी मोडायची नाही, वेल मुळातून ओढायचा नाही, हे आमच्या घरात वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेले होते. आता राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धाही होते. तिने दुर्मीळ वनस्पतींची ओळख नव्या पिढीला करून दिली हे निर्विवाद आहे. तरीही जास्तीत जास्त प्रकार टांगण्याची ईर्षा जिथे शिरते, तिथे हिरवी बी किती तोडली गेली याचाही विचार झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कारण पक्व फळ तोडले तर बी निदान कुठेतरी पडून रुजू शकते. भाद्रपदात तोडलेला माट्टीचा घोस मात्र कुठेच रुजत नाही.

पाऊस हा बियांसाठी केवळ मुहूर्त नाही, काही वनस्पतींसाठी तो प्रत्यक्ष हात लावणारा गडी आहे. पावसाळ्यात गोव्यातले सगळे दरडीचे कडे तेरड्याने गुलाबी होतात. त्याची फुगीर, लवदार बोंडे पिकली की बोटाचा स्पर्श होताच फुटतात, पाच पाकळ्या झटक्यात आत वळतात आणि बिया हातभराहून लांब उडतात. ही शक्ती येते पाण्यातून: बोंडाच्या भिंतीतल्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात आणि तो ताण शिवणीने कसाबसा धरून ठेवलेला असतो. कोरड्या हवेत तेरड्याला हे जमणारच नाही. त्यामुळे त्याने आपले सगळे आयुष्य, रुजण्यापासून बी उडवण्यापर्यंत, पाऊस आणि त्यानंतरची थोडी ओल एवढ्यातच बसवले आहे.

याच्या अगदी उलटी युक्ती रस्त्याकडेला सर्रास दिसणाऱ्या, जांभळट-निळ्या फुलांच्या रुएलियाची आहे. ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता आमच्या शाळांच्या कुंपणांजवळ हक्काने वाढते. तिची वाळलेली शेंग कोरडी असेपर्यंत गप्प असते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की काही क्षणांत टचकन फुटते. मुले शेंग पाण्यात टाकून हा आवाज ऐकतात. बी बाहेर पडते तेव्हा ओल असतेच, आणि भिजलेल्या बीवर चिकट थर फुगून ती जिथे पडेल तिथल्या मातीला धरते. याच कुळातली आपल्या सह्याद्रीची कारवी हा खेळ डोंगराच्या मापाने खेळते. सात वर्षांनी एकदा ती फुलते, बोंडे झाडावरच वाळतात, आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या ओलीने ती फुटू लागतात. चोर्ला घाटाच्या बाजूला कारवी फुलून गेलेल्या उतारावर जूनच्या सुरुवातीला उभे राहिले तर पानांवरच्या पावसाच्या आवाजात बारीक तडतड मिसळलेली ऐकू येते. आईझाडे तोवर मरून वाळलेली असतात. त्यांच्या जागेवर ऊन पोचते, आणि नव्या रोपांना एकाच वेळी ओल आणि उजेड मिळतो.

सड्यावरच्या कुसळाचे काम आणखी सावकाश चालते. पायजम्याला चिकटलेले कुसळ काढून पाहिले तर एका टोकाला अणकुचीदार बी आणि तिच्यावर मागे वळलेले केस दिसतात. दुसऱ्या टोकाला दोन-तीन इंचांचे, दोरीसारखे पिळलेले शेपूट असते. त्यावर ओल्या बोटाने पाणी लावावे आणि ते तळहातावर ठेवून पाहावे. पीळ उलगडू लागतो आणि शेपूट हळूहळू गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ भरतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन, नंतर सर आणि उघडीप, अशा आळीपाळीने बी फिरत फिरत मातीच्या फटीत शिरते, आणि मागे वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. जांभ्याच्या सड्यावर मातीच मुठीएवढी असते. तिथे पृष्ठभागावर पडून राहिलेली बी मुंग्यांच्या तोंडी जाईल किंवा पहिल्या लोंढ्याबरोबर वाहून जाईल, त्यामुळे पेरणीचे काम स्वतःच करून घेण्याला पर्याय नाही.

खाडीकाठी पाऊस निराळ्या कारणाने हवा असतो. पणजीसमोरच्या चोडण बेटावर किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यात पाण्याची ददात कधीच नसते, पण ते पाणी खारे असते. पावसाळ्यात मांडवीतून सह्याद्रीचे पाणी लोटते आणि खाडीतला खारेपणा एकदम उतरतो. कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडे आपली पिल्ले याच दिवसांत मोठ्या संख्येने सोडतात. पिल्ले म्हणतो ते जाणूनबुजून, कारण कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि हातभर लांब, हिरव्या भाल्यासारखे रोप होऊनच खाली येते. ओहोटीला ते सरळ चिखलात रुतते, भरतीला तरंगत दूर जाते. तिवराचे फळ पाण्यात पडले की वरची साल सुटते आणि आतल्या जाड पाकळ्या उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, बांधांवर आणि पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीच्या दारांपाशी या कोवळ्या रोपांचे थर साचलेले दिसतात. प्रौढ झाडाला मीठ सोसते. कोवळ्या मुळाला सुरुवातीचे काही आठवडे गोडे पाणी मिळाले तर त्याचा जम लवकर बसतो.

या सगळ्या वेळापत्रकाला जनावरे आणि पाखरेही बांधलेली आहेत. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला व पिल्लांना फळे आणून भरवतो. पिल्ले मोठी होऊन ढोलीबाहेर येतात ती पावसाच्या तोंडावर, रान फळांनी भरलेले असताना. वड, उंबर, नांदरूख ही झाडे मात्र या शिस्तीला धरून चालत नाहीत. त्यांतले कोणते ना कोणते झाड वर्षभर फळावर असते, आणि पावसाच्या भरात इतर फळे संपली की अनेक पाखरे त्यांच्याच आधाराने राहतात. उदमांजर भेरली माडाची फळे खाऊन त्यांच्या बिया रानभर पसरवते. पाऊस आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाला तर एकट्या झाडाचे नव्हे, या सगळ्यांचे गणित हलते.

माणसाचे गणित झाडाच्या गणिताशी कुठे भिडते हे पाहायचे असेल तर भिरंडाइतके चांगले उदाहरण नाही. आमच्या परसातले जुने भिरंड मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर खरे रंगात येते. घरच्यांच्या दृष्टीने हा त्याचा मोठा दोष आहे. सोले, म्हणजे वाळवलेल्या साली, करायला कडक ऊन लागते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, घाईत अंगणात चटया पसरलेल्या असतात, फळे फोडून साली रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घालायच्या असतात, आणि नेमक्या त्या दिवसांत ढग दाटून येतात. 2025 च्या मे महिन्यात तर पुष्कळ घरांच्या साली बुरशीने काळ्या पडल्या. यावर उपाय म्हणून लवकर पिकणाऱ्या झाडांची निवड झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या कोकण अमृता या जातीचा मोठा गुण हाच की तिची बहुतेक फळे पावसाआधी हाती येतात. शेतकऱ्याला हे वरदान आहे, त्यात शंका नाही. कलम लावले की मादी झाडाची खात्री असते, फळही लवकर लागते. बीपासूनच्या रोपांत नर किती निघतील हे फुले येईपर्यंत कळत नाही.

पण भिरंडाची बी जांभळाच्या बीसारखीच ओली आणि उतावळी आहे. गराच्या पांढऱ्या, आंबट-गोड आवरणात पाच-सात बिया असतात. माकडे फळ फोडून गर चोखतात आणि बिया टाकून देतात. एप्रिलमध्ये टाकलेली बी दीड महिना तापलेल्या पाचोळ्यात पडून वाळते आणि मरते. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकलेली बी रुजते. घरी भिरंडेलासाठी बिया धुऊन उन्हात वाळवतात, त्या तेलासाठी उत्तम असतात, पण त्यांतली एकही मातीत उगवत नाही. म्हणजे सोल्यांसाठी आपल्याला हवे असलेले भिरंड आणि रानाला हवे असलेले भिरंड यांच्यात साधारण तीन आठवड्यांचे अंतर आहे. ज्या उशिराला आपण दोष म्हणतो, ती त्या झाडाने रानात टिकण्यासाठी धरलेली वेळ आहे. कुळागरांत, म्हणजे घरालगतच्या बागायतींत, सगळीकडे लवकरची कलमे आली आणि जुनी, बीपासूनची, उशिराची झाडे तोडली गेली तर सोल्यांचे उत्पन्न वाढेल, पण ओढ्याकाठी आपोआप उगवणारी भिरंडाची रोपे कमी होत जातील.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही घरी एक केले आहे. अंगणाजवळ कलमी झाडे लावली, त्यांची फळे सोल्यांसाठी काढतो. ओढ्याच्या बाजूच्या दोन जुन्या झाडांची मेअखेरीनंतरची फळे काढत नाही, ती माकडांना आणि पावसाला सोडून देतो. आषाढात त्या झाडांच्या खालच्या अंगाला, पाणी ओसरते त्या जागी, तांबूस कोवळ्या पानांची रोपे दिसतात. त्यांतली सावलीत अडकलेली काही रोपे दुसऱ्या पावसात मुळासकट काढून वरच्या उतारावर हलवतो, आणि कोणी मागितली तर देतो. पुढच्या वर्षी शेजारच्या वाड्यावरच्या दोन घरांनीही आपापले एकेक जुने झाड असेच राखायचे कबूल केले आहे.